सरत्या उन्हाळ्यातला लाल कांदा

“आजी, फुलं कवा पायजेत तुमाले? आता, का दिवाळीले?”

नर्सरीवाली छाया हातातला पाइप तसाच वाहता ठेवून विचारत होती. अकोल्याहून अमरावतीला जाणाऱ्या रस्त्यावर, हिरव्या जाळीखाली तिची नर्सरी आहे. जाळीच्या आत ओल्या मातीचा, शेणखताचा वास, आणि जाळीच्या बाहेर पेटलेला वैशाख. मी जठारपेठेतून ऑटो करून आले होते. डोक्याला, तोंडाला पांढरा दुपट्टा असा गुंडाळला होता की ऑटोवाल्यानं मला घ्यायच्या आधी क्षणभर विचार केला. या वयात कुणी आपल्याला दरोडेखोर समजलं तर बरंच वाटतं.

“उन्हाळा सरता-सरता,” मी म्हटलं. “मिरगाच्या आधीचे ते भकास दिवस असतात ना, तवा. अन् दरवर्सी. एकदा लावलं का झालं, असं दे. दरवर्सी नवी रोपं आनाले माह्ये पाय भाड्यानं नाई आनले.”

छाया हसली. “सरत्या उन्हाळ्यात इथं मानूस टिकत नाई, अन् तुमाले फुलं पायजेत!”

पाहिजेतच. आमच्या घराच्या फाटकापासून पायरीपर्यंत एक वाफा होता. हिवाळ्यात माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मी अमरावतीला लेकीकडे होते, आणि नेमकी तेव्हाच गल्लीत नळाची नवी पाइपलाइन आली. खोदणाऱ्यांनी वाफा उकरला, पाइप टाकला, उरलेली माती ट्रॅक्टरमध्ये भरून नेली आणि वरून मुरूम पसरून सगळं सपाट करून दिलं. मी परत आले तेव्हा शेजारीण कौतुकानं म्हणाली, “पाहा काकू, कसं चकाचक केलं!” चकाचकच होतं. त्या मातीबरोबर माझे कांदे गेले होते.

कांदे म्हणजे फुलाचे, मेफ्लॉवरचे. हे झाड वर्षातला निम्मा काळ जमिनीखाली निजून असतं. वर पान नाही, काडी नाही. पाहुणा विचारतो, इथं काय लावलंय, तर आपण मातीकडे बोट दाखवायचं आणि वेड्यात निघायचं. आणि मग वैशाख संपत आला, भिंतींना हात लावला तरी चटका बसायला लागला, कूलरमधला वाळा वास देऊन देऊन थकला, की एका सकाळी कोरड्या मातीतून एक लालसर नाक वर येतं. पाहता पाहता त्याचा दांडा होतो आणि दांड्यावर तांबडा चेंडू उमलतो. पिंजलेला कापूस कुंकवात बुचकळून काढावा तसा. पाणी न मागता.

मे महिन्यात आमची गल्ली रिकामी होते. कुणी पुण्याला लेकाकडे, कुणी नागपूरला लेकीकडे. फाटकांना कुलपं लागतात, कुत्री रिकाम्या ओट्यांवर ऐसपैस निजतात, आणि दुपारभर दुसऱ्या कुणाच्या तरी कूलरचा आवाज ऐकत मी पडून असते. अशात माझ्याकडे तेवढेच पाहुणे यायचे, जमिनीतून. आणि खरं सांगायचं तर तेच माझं निमित्तही होते. माझी लेक वर्षा दर उन्हाळ्यात फोन करायची, “आई, एकटी कशाला राहतेस, इकडे ये,” आणि मी म्हणायची, “आत्ता कशी येऊ वं, माह्ये कांदे फुलायचे हायेत.” यंदा वाफाच नाही, तर तिला सांगू काय, हा घोर मला चैत्रापासून लागला होता.

छायानं मला आधी मोगऱ्याकडे नेलं. टपोऱ्या कळ्यांनी लगडलेली रोपं. “वास पाहा, आजी.” मग तिचं तिलाच काही आठवलं. “तुमच्याकडे नळ हाय, का बोअर?”

“नळ येते तवा येते. बाकी बोअर.”

“मंग राहू द्या. खारं पानी याले जमत नाई.”

मला सांगते! मोगरा आणि खारं पाणी यांचं भांडण मी लग्नाच्या वर्षीच पाहिलं आहे.

माझ्या वडिलांची अमरावतीच्या कडेला फुलांची वाडी होती. उजाडायच्या आत आम्ही सगळी भावंडं कळ्या खुडायला उतरायचो. पायांना ओली माती लागायची, परकराच्या ओच्यात कळ्या जमायच्या, आणि ओचा जड होत गेला की थंड पाण्याची पिशवी पोटाशी धरल्यासारखं व्हायचं. आई ओल्या फडक्यावर त्यांचे ढीग घालायची. दिवस वर आला की वडील सायकलला करंडी बांधून बाजारात जायचे. संध्याकाळी मात्र विकायची फुलं नसायची, आमची असायची. विहिरीच्या वाटेवर गुलबास उमलायचा, राणी रंगाचा, आणि आम्ही पोरी त्याच्या लांब नळ्या एकीत एक गुंफून सुईदोऱ्याशिवाय वेणी करायचो. ती घरी पोचेपर्यंत सुकायची. पण विहिरीपासून घरापर्यंतचं अंतर पोरीला मिरवायला पुष्कळ असतं.

शाळेत माझ्या बोटांना सदा मोगऱ्याचा वास यायचा आणि मी मुद्दाम पुस्तकाचं पान पुन्हा पुन्हा उलटायची. शेजारच्या बाकावरच्यांना कळावं म्हणून. अशी ही बया, म्हणजे मीच. लग्न ठरलं तेव्हा तिनं जाहीर केलं, मी सासरी फुलांची बाग करणार. अमरावतीहून अकोल्यापर्यंत एस.टी.त ती मांडीवर मोगऱ्याचं रोप घेऊन बसली होती. शालू गेला खड्ड्यात, मोगऱ्याला धक्का लागता कामा नये. बाजूला नवा नवरा चेंगरून बसला होता, त्याला तिनं एकदाही विचारलं नाही की तुम्हाला जागा होते का.

पोळ्याच्या आत तो मोगरा गेला. आधी पानांच्या कडा करपल्या, मग कळ्या उमलायच्या आधीच तपकिरी झाल्या. आमच्या अकोल्याकडे जमिनीखालचं पाणी खारं. साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही, चहासुद्धा घशात अडून राहतो. ती बया दोन वेळा जेवली नाही. तिच्या डोक्यात असं की सगळं घर मनधरणीला येईल. सासूबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या, त्यांनी सूप न थांबवता आत पाहिलं आणि यांना म्हणाल्या, “गोड्या पान्याची हायेत ती. दोघंबी. मोगरा तं गेला. दुसरीले भाकर देऊन पाहा.”

हे मी छायाला सांगितलं तर ती पोट धरून हसली. मग तिनं कोपऱ्यातलं एक टोपलं ओढलं. “मंग हे न्या. मेफ्लॉवर. कांदे हायेत, लावले का दरवर्सी येतेत.”

टोपल्यात लालसर सालींचे कांदे होते, मातीनं माखलेले. मी एक हातात घेतला. तळव्यात तो बरोबर बसला, इतका बरोबर की माझा हात आपोआप कुणाचा तरी खिसा शोधायला लागला.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. माझा सासरचा पहिला उन्हाळा होता. हे एका कचेरीत कारकून होते, भर दुपारी सायकलवरून जेवायला घरी यायचे. अमरावतीचं ऊन काही चांदणं नव्हतं, पण नवरा नवा होता, त्यामुळे अकोल्याचं ऊन फार जहाल वाटायचं. रोज सकाळी मी यांच्या पँटच्या खिशात कांदा घालायची. सासूबाईंच्या देखत नवऱ्याच्या खिशात हात घालायचा तेवढाच एक रस्ता होता, आणि त्याला कुणी नाव ठेवू शकत नव्हतं.

एकदा कांद्यांच्या टोपल्यात तळाशी फडक्यात गुंडाळलेला एक कांदा सापडला. मोठा, तांबूस, देखणा. बयेनं ताडलं, सासूबाईंनी हा लेकासाठी राखून ठेवलाय. आणि त्यांच्याआधी आपणच घातला तर? फुलवाल्याची पोरगी ती, पानावरून झाड ओळखते म्हणून गल्लीत फुशारकी मारणारी. तिनं तो ना फोडून पाहिला ना हुंगून. सरळ खिशात. दुसरे कांदे चार दिवसांत मऊ पडायचे, हा काही केल्या पडेना. रात्री तिनं यांना विचारलंसुद्धा, “कांदा कसा हाय?” हे म्हणाले, “टणक हाय.” तिला वाटलं, आपल्या हाताचा गुण.

खिसा फुगतो म्हणून हे तो कांदा कचेरीत गेल्यावर टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकायचे. मग तिथंच राहायला लागला. घरी सासूबाई टोपलं उपसून शोधत होत्या. कार्तिकात कौंडण्यपूरच्या जत्रेला गेल्या असताना नदीकाठी भेटलेल्या कुणा बाईनं त्यांना तो फुलाचा म्हणून दिला होता, आणि उन्हाळ्यात लावू म्हणून त्यांनी जपून ठेवला होता. “घुशीनं नेला,” त्या म्हणाल्या, आणि त्या घुशीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मीही मोठ्या सुनेच्या तोऱ्यात दोन शिव्या घातल्या. घुशी या प्रकारानं इतक्या खजील झाल्या असतील की पुढं त्या दिसल्या नाहीत.

आणि मग उन्हाळा सरताना एका संध्याकाळी हे पायी आले. सायकल एका हातानं ढकलत, आणि दुसऱ्या हातात कांदा. कांद्याला वाकडातिकडा दांडा, दांड्यावर भला मोठा लाल चेंडू, आणि यांच्या प्रत्येक पावलाबरोबर तो चेंडू मान डोलावतोय. मागून गल्लीतले सगळे पोट्टे. बाया ओट्यांवर आलेल्या.

“ड्रॉवर लागतच नव्हतं,” हे म्हणाले. “खालून कोनी ढकलते का काय म्हनून पाह्यलं, तं हे. घे. तुह्या कांद्याले फूल आलं.”

सासूबाईंनी फुलाकडे पाहिलं, यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पदर तोंडाला लावला. मला वाटलं आता मेले. पण त्यांचे खांदे हलायला लागले आणि त्या ओट्यावरच बसल्या. “फुलवाल्याची पोरगी म्हने! माय वं, मी त्या बिचाऱ्या घुशीले काय काय बोलली!”

त्या दिवसापासून गल्लीत मी कांदेवाली. सासूबाईंनी तो पायरीजवळ लावला. खारं पाणी त्याला चालायचं, कारण त्याला पाणी जवळजवळ लागायचंच नाही. एकाचे दोन झाले, दोनाचा वाफा झाला. सरत्या उन्हाळ्यात कुरडया वाळत घालताना, आंब्याचा रस आणि काडीवर वळून उकडलेले सरगुंडे जेवून सुस्तावलेल्या दुपारी, शेजारणी हाक मारून विचारायच्या, “कांदा फुलला का वं?” आणि रोज सकाळी हे तोंडात ब्रश घेऊन वाफ्यापाशी उकिडवे बसायचे. ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी ब्रशसकट ओरडायचे, “अवं, नाक दिसून राह्यलं!” मी पोळी तव्यावर टाकून धावायची. पोळी करपायची. त्या सकाळी आमच्याकडे कायम करपलेलीच पोळी.

हे गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात ते नाक मला दिसलं. मी एकटीच होते. “अवो,” मी मोठ्यानं म्हटलं, आणि पुढचं वाक्य कुणाला सांगायचं ते समजेना. गॅस बंद होता, तव्यावर काहीच नव्हतं. मग आत जाऊन पीठ मळलं, एक पोळी लाटली आणि मुद्दाम करपू दिली. खाल्ली. बरी लागली.

“देऊ का बांधून?” छाया विचारत होती.

मी कांदा टोपल्यात परत ठेवला. “नको वं. हे कांदे नुसतं फूल देतीन.”

तिला काय कळलं कोण जाणे, तिनं टोपलं पायानं मागं सरकवलं आणि मला पुढं घेऊन गेली. रांगेच्या शेवटी, जाळीच्याही बाहेर, भर उन्हात कण्हेरीची रोपं उभी होती. गडद गुलाबी. आजूबाजूला सगळं मलूल आणि ही अशी उभी जणू एखाद्या लग्नाला निघाली आहे.

“रोडाच्या मधात लावतेत ते?” मी नाक मुरडलं.

“तेच. ऊन चालते, खारं पानी चालते, माती कशीबी चालते. कोनी नसलं तरी चालते.”

कोनी नसलं तरी चालते. झाडाबद्दलच म्हणाली ती. पण मी दुपट्टा पुन्हा नीट गुंडाळायला घेतला, तेवढ्यापुरतं तोंड लपलं.

“दोन दे,” मी म्हटलं.

“आता लावू नका मात्र. सावलीत पिशवीतच ठेवा, मिरगाचा पानी पडला का मंग खड्डा करा. अन् हे आताचं फूल पाहून खूश होऊ नका. जागा बदलली का झाड रुसते. खरा रंग पुढच्या उन्हाळ्यात.”

“अन् पुढच्या उन्हाळ्यात फूल नाई आलं तं?”

“तं परत आना.”

“अन् मीच नसली तं?”

“तं मंग तक्रार कोन करन?” छाया म्हणाली, आणि जीभ चावली. मी इतकी हसले की दुपट्टा सुटला. किती दिवसांनी कुणी माझ्या मरणावर माझ्या तोंडावर विनोद केला होता. सगळे आजकाल माझ्याशी फार जपून बोलतात.

दोन्ही रोपं ऑटोत पायांशी धरून घरी आणली. मागच्या दाराशी कूलर आहे, त्याच्या बाजूला सावलीत ठेवली. दोन तांबे पाणी घातलं. मग उगाच अजून एक. त्या रिकाम्या अंगणात त्या दोघी अशा दिसत होत्या की कुणाकडे तरी पहिल्यांदाच आल्यात आणि बसायला कुठं सांगतात याची वाट पाहतायत. मीही खुर्ची घेऊन समोर बसले. ऊन भिंतीवरून खाली उतरलं, पलीकडच्या बंद घराच्या गच्चीवर कबुतरं आली, गेली. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून कण्हेरीला म्हटलं, “बसा.”

दिवेलागणीला आत भिंतीजवळचा फोन वाजला, वर्षाचा होता. ती अमरावतीला शाळेत मराठी शिकवते. बोलते अगदी पुस्तकासारखी.

“आई, सुट्टी लागली माझी. आता येतेस ना? डोळ्याला इतकं ऊन चांगलं नाही तुझ्या.”

“कशी येऊ वं? झाडं आनली आज.”

“कोणती?”

“नाजूक हायेत. रोज सांजच्याले पानी लागते.”

“पण कोणती?”

“गुलाबी.”

“आई.”

“कन्हेर,” मी म्हटलं.

पलीकडून खुदकन आवाज आला. “आई, कण्हेर हायवेच्या मधोमध लावतात. तिला तिथं रोज संध्याकाळी कोण पाणी घालतं?”

पकडली गेले. मी तोंड उघडलं ते सांगायला की नवी माती आहे, मुळं धरायची आहेत, छायानं असं सांगितलंय, तसं सांगितलंय. थापा मला या वयातही रांगेनं सुचतात. पण त्या रांगेतून भलतंच पुढं आलं.

“करमत नाई वं.”

एवढं साधं वाक्य मी तिला कधी म्हटलं नव्हतं. हे गेले तेव्हाही नाही. तेव्हा मी तेराव्याच्या बुंदीत साखर कमी आहे म्हणून आचाऱ्याशी भांडले होते आणि सगळे म्हणाले होते, बाई खंबीर आहे.

“मग ये ना इकडे,” वर्षा हळू म्हणाली.

“तिथंबी नाई करमत.”

बोलून गेले. तिच्याकडे मी हिवाळाभर होते. तिसऱ्या मजल्यावरचं घर, गोडं पाणी, मऊ गादी, वेळेवर डोळ्यांत थेंब. ती दिवसभर शाळेत, जावई कामावर, नातवंडं दोन्ही पुण्याला शिकायला. त्यांच्या खोल्यांचे पलंग पांघरूण घालून टापटीप ठेवलेले. मी दुपारी त्या खोल्यांच्या दारात उभी राहायची आणि परत यायची. संध्याकाळी वर्षा यायची तेव्हा तीही आधी त्याच दारात एकदा उभी राहायची, पर्स खांद्याला तशीच. मी पाहत होते. पण माझा एक डोळा बांधलेला होता आणि दुसऱ्यानं मी स्वतःकडेच बघत होते.

मला वाटलं, लागलं तिला. इतकं केलं पोरीनं आणि आई म्हणते करमत नाही. मी दोनदा हॅलो म्हटलं. मग बोलली ती, पण तो शाळेतला आवाज नव्हता. लहानपणी गुडघा फोडून घरी यायची, फ्रॉकला नाक पुसत दारात उभी राहायची, तेव्हाचा होता.

“मलेबी नाई करमत, आई.”

मले. पोरांच्या वहीत ‘मले’ दिसलं की लाल रेघ ओढणारी माझी लेक. मी खुर्ची फोनच्या आणखी जवळ ओढली, जशी काही ती त्या भिंतीपलीकडेच बसली होती.

“मंग तूच ये ना वं इकडं,” मी म्हटलं. “दोघी मिळून कन्हेरीले पानी घालू.”

ती नाक ओढत हसली. “तिले नको असते ना पानी, आई.”

“तिले कोन विचारते?”